वास्तववादी मिलिटरी शूटर घेताय? आधी घड्याळ लावा

२ तास ११ मिनिटं.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या लायब्ररीत गेमच्या नावाखाली हा आकडा दिसला आणि पोटात गोळा आला. परताव्याची मर्यादा होती २ तासांची. म्हणजे १,८९९ रुपये गेले.

त्या १३१ मिनिटांचा हिशेब मी नंतर बसून मांडला. शेडर (चित्र दाखवण्याचे छोटे प्रोग्राम, गेम ते आपल्या कार्डासाठी आधी तयार करतो) तयार होताना पांढरी पट्टी सरकत होती, त्यात २५ मिनिटं. बटणं, आवाज, माइक आणि ब्राइटनेस लावण्यात अर्धा तास. ट्यूटोरियलमध्ये २२, कारण त्यातला प्रशिक्षक एका दारात अडकला आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. सर्व्हर शोधणं आणि रांगेत थांबणं १९. उरली ३५ मिनिटं, त्यात दोन सामने. पहिल्यात गव्हाच्या शेतातून १२ मिनिटं चाललो, एक कुंपण ओलांडलं आणि स्क्रीन काळी झाली. कोणी मारलं, कुठून मारलं, काहीच कळलं नाही. दुसऱ्यात मी गाडीत बसून होतो आणि गाडी उडाली. दोन्ही सामने मिळून मी नऊ गोळ्या झाडल्या, त्यातल्या तीन चुकून आपल्याच माणसावर.

गेमचं नाव सांगत नाही. अर्धा दोष त्याचा होता आणि अर्धा माझा. जाहिरातीत ‘संपूर्ण मोहीम’ म्हटलं होतं, निघाली चार मिशन्स. पण बाकीचं मला आधी कळू शकलं असतं. पुढे याच प्रकारचे तीन-चार गेम घेतले, त्यातले दोन आजही खेळतो. पहिल्या खरेदीच्या वेळी कोणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितोय. बीजीएमआय (मोबाइलवरचा पबजी) किंवा कॉल ऑफ ड्यूटी खेळून आता ‘खऱ्या’ युद्धाचा गेम घ्यायच्या विचारात असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी हे जवळ ठेवा

- पीसीची माहिती: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि त्याची मेमरी. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘डीएक्सडायग’ (dxdiag) टाइप केलं की सगळं एका जागी दिसतं.
- एसएसडीवर मोकळी जागा. गेमची लिहिलेली साइज असेल त्यापेक्षा २०–३० जीबी जास्त धरा, अपडेट मोठे येतात.
- लॅनची केबल. वाय-फायवर खेळता येतं, पण मग ‘गोळी मलाच आधी का लागली’ हा प्रश्न विचारायचा नाही.
- माइक असलेला हेडसेट. महागडा नको. डावं-उजवं नीट कळलं आणि तुमचा आवाज पंख्याच्या आवाजाशिवाय पोचला की झालं.
- ज्या खात्यातून किंवा यूपीआयवरून पैसे देणार ते चालू असलेलं. परतावा बहुतेकदा त्याच वाटेने येतो.
- मोबाइलवरचं घड्याळ. विनोद नाही, पायरी ६ बघा.

पायरी १ : तुम्हाला खरं ‘दिसायला’ हवंय की खरं ‘वागायला’?

सगळी गफलत इथेच होते, म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबतो.

खरं दिसणारे गेम वेगळे आणि खरं वागणारे वेगळे. पहिल्या प्रकारात बंदुकीवरचा ओरखडा दिसतो, धूर सुंदर असतो, पण तुम्ही मेलात की पाच सेकंदांत पुन्हा मैदानात. दुसऱ्या प्रकारात चित्र कधीकधी जुनाट असतं. पण गोळी अंतराप्रमाणे खाली पडते, पळून दम लागल्यावर नेम हलतो, एका गोळीत खेळ खलास होतो आणि पुन्हा रणांगणावर पोचायला दहा मिनिटं चालावं लागतं.

या दुसऱ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॲक्टिव्ह कंपनीचा २००१ चा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट. त्याच कंपनीचा आर्मा ३ सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि आजही खेळला जातो. त्यातलं आल्टिस हे बेट ग्रीसच्या लिम्नोस बेटावर बेतलंय आणि २७० चौरस किलोमीटरचं आहे. मुंबईचं मूळ शहर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ७० चौरस किलोमीटरच्या आत बसतं. आता कल्पना करा, तसल्या चार मुंबयांमध्ये तुम्हाला एक माणूस शोधायचाय आणि तो झुडपात झोपलाय.

याच तंत्राच्या जोरावर व्हीबीएस नावाची प्रणाली तयार झाली आणि ती निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी प्रशिक्षणासाठी घेतली. हे ऐकून मी भारावलो होतो. जे सैन्याला चालतं ते आपल्याला का नाही चालणार? पण प्रशिक्षण हे मुळात कंटाळवाणंच असतं, हे डोक्यात आलं नाही.

दिवाळीत मामा आले होते. सतरा वर्षं फौजेत काढून आता साताऱ्याकडे शेती करतात. मी स्क्रीनवर गवतात पालथा पडलो होतो, समोरच्या रस्त्याने शत्रूची गाडी येणार म्हणून. मामा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले. पाच मिनिटं झाली, सात झाली.

“काय चाललंय?”

“वाट बघतोय, मामा.”

“हां. हे मातर बरोबर दाखवलंय.” मग जरा वेळाने, “डास न्हाईत व्हय ह्यात?”

तर स्वतःला विचारा: ४० मिनिटांच्या सामन्यात ३० मिनिटं चालणं, खड्डा खणणं, रेडिओवर बोलणं आणि वाट बघणं तुम्हाला चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्यात कमीपणा काही नाही. कॉल ऑफ ड्यूटी किंवा बॅटलफिल्ड घ्या, मजेत राहा आणि हा लेख इथेच सोडा. ‘माहीत नाही’ असं उत्तर असेल तर पुढे वाचा.

जाता जाता: पबजीचा उगमही याच घराण्यात आहे. ब्रेंडन ग्रीन यांनी आर्मा २ आणि मग आर्मा ३ साठी बॅटल रॉयल मॉड (चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेले बदल) बनवले, त्यातून २०१७ चा पबजी आला. म्हणून बीजीएमआयवाल्यांना वाटतं की हे आपलंच घर आहे. आजोळ आहे फार तर, आणि आजोळी नियम वेगळे असतात.

पायरी २ : मशीन झेपेल का ते बघा

‘किमान आवश्यकता’ असं लिहिलेलं असतं तिथे गेम फक्त सुरू होतो, खेळण्यासारखा होत नाही. तुमचं मशीन ‘शिफारस’च्या रकान्यात बसायला हवं.

आणखी एक गंमत. आपण सगळे ग्राफिक्स कार्डाकडे बघतो. या प्रकारच्या गेममध्ये शेकडो सैनिक, गाड्या आणि गोळ्यांचे मार्ग यांचा हिशेब प्रोसेसर करत असतो. आर्मा ३ तर यासाठी कुप्रसिद्ध आहे. नवं कार्ड टाकूनही एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) हलत नाही, कारण अडलंय प्रोसेसरपाशी. तिथे ग्राफिक्स ‘लो’ करून फारसं काही होत नाही, दृश्य-अंतर (किती लांबपर्यंतचं दिसावं ते) कमी केलं की फरक पडतो. हे मला कळायला दोन महिने लागले.

सिक्युअर बूटचंही (पीसी सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) बघून ठेवा. चीटर रोखण्यासाठी काही नव्या गेमना ते चालू लागतं, २०२५ च्या बॅटलफिल्ड ६ ला लागतं. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) टाइप केलंत की ते चालू आहे की बंद ते दिसेल. बंद असेल तर लगेच बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) घुसू नका. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर विंडोज असेल तर ते सुरूच होणार नाही. आधी फाइल्सचा बॅकअप, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की कागदावर, आणि मग जाणकार माणूस बाजूला बसवून ते काम.

पायरी ३ : ट्रेलर विसरा, न कापलेला सामना बघा

ट्रेलर म्हणजे ४० तासांतली सगळ्यात चांगली दीड मिनिटं. यूट्यूबवरचे ‘थरारक क्षण’ही तसेच. तुम्हाला बघायचाय तो अख्खा सामना, सुरुवातीच्या लोडिंगपासून शेवटच्या गुणफलकापर्यंत, एकही कट नसलेला. शक्यतो नवशिक्याचा. तो कंटाळा न येता बघता आला तर गेमही झेपेल. मी आता असा व्हिडिओ लावतो आणि किती वेळा हात ‘पुढे ढकला’ बटणाकडे जातो ते मोजतो. पाचपेक्षा जास्त वेळा गेला तर गेम घेत नाही.

बघायला हे गेम फसवे आहेत, आणि फसणारे आपण एकटे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यातले हल्ले म्हणून आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी आर्मा ३ मधली दृश्यं दाखवली होती. असे प्रकार इतके वाढले की नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमिया कंपनीलाच खरे आणि खोटे व्हिडिओ कसे ओळखायचे ते जाहीरपणे सांगावं लागलं: खोट्या व्हिडिओत दृश्य धूसर असतं, कॅमेरा हलत असतो, बहुतेकदा रात्र असते, आवाज नसतो. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसला एक व्हिडिओ आला तेव्हा मी म्हटलं, “हा गेम आहे, मी खेळतो.” काका म्हणाले, “तू कधी गेला होतास सीमेवर?” तो वाद अजून मिटलेला नाही.

सांगायचं एवढंच, की तीस सेकंद बघून वृत्तवाहिनी फसते, तर आपणही फसणारच.

पायरी ४ : लोक खेळताहेत का, आणि तुम्ही खेळता त्या वेळी खेळताहेत का?

नव्याने येणाऱ्यांपैकी कोणी हे बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

आधी परीक्षणं. स्टीमवर ‘एकूण’ आणि ‘अलीकडची’ अशी दोन मतं दिसतात. अलीकडचीच वाचा, कारण हे गेम विकत घेतल्यावरही बदलत राहतात. स्क्वॉड या गेमने २०२३ मध्ये पायदळाच्या लढाईची घडीच बदलली. गोळीबाराखाली सापडलात की नजर धूसर, नेम डगमगता. काहींना ते फार आवडलं, काहींनी गेम सोडला. २०२१ चं परीक्षण वाचून २०२४ मध्ये घेणाऱ्याला वेगळाच गेम मिळाला. परीक्षणं खेळाच्या तासांनुसार गाळताही येतात. ३० ते १०० तास खेळलेल्यांची वाचा. तीन तासवाला चिडलेला असतो, आणि तीन हजार तासवाल्याला नवशिक्याचे हाल आठवत नाहीत.

मग खेळाडूंची संख्या. स्टीमडीबी या साइटवर या क्षणी किती जण खेळताहेत ते फुकट दिसतं. ५० विरुद्ध ५० च्या गेममध्ये जगभर मिळून ४०० माणसं असतील तर चार सर्व्हर भरतील, आणि त्यातला एकही तुमच्या जवळचा नसेल.

आता वेळ. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. नोकरी, जेवण, घरचं आवरून तुम्ही रात्री १० ला बसता. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथे साडेबारा वाजलेत आणि लोक झोपायला चाललेत. युरोपात हिवाळ्यात मध्य युरोपच्या घड्याळाने संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे ते अजून ऑफिसातून घरी पोचायचेत. त्यांचे ८ वाजतील तेव्हा आपल्याकडे साडेबारा (उन्हाळ्यात साडेअकरा). म्हणजे आपली १० ते १२ ही वेळ नेमकी दोन भरत्यांच्या मधली ओहोटी. माझा पहिला गेम मी महिनाभर याच वेळेत उघडत होतो आणि ‘मेलाय हा गेम’ म्हणत होतो.

उपाय दोन. शनिवार-रविवारी संध्याकाळी ६ ते ९ खेळा, तेव्हा आशियातले सर्व्हर भरलेले असतात. किंवा रात्री उशिरा युरोपच्या सर्व्हरवर जा आणि जास्त पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) सोसा. पुण्याहून मला सिंगापूरला ८० च्या आसपास पिंग मिळतो, जर्मनीला १५० च्या. या प्रकारच्या गेममध्ये १५० वरही खेळता येतं, कारण समोरासमोर भिडायची वेळ कमीच येते. माझा एक शाळेतला मित्र जर्मनीत असतो. आमची गाठ आता फोनपेक्षा सर्व्हरवर जास्त पडते, आणि त्याचा पिंग २० असल्याने तो मला ‘काय रे, कुठे अडकलास’ म्हणत असतो.

पायरी ५ : खरेदी

फुकट वीकेंडची वाट बघा. आर्मा ३, स्क्वॉड, हेल लेट लूज या तिन्ही गेमचे असे वीकेंड होऊन गेलेत. गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवलात की सवलतीची मेल येते. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर मोठे सेल असतात. जुन्या गेमची पूर्ण किंमत भरायचं काही कारण नाही.

सापळे:

- दुसऱ्याच साइटवरची स्वस्त की (गेम चालू करायचा कोड). ३०० रुपये वाचतात, पण बाहेरून घेतलेल्या कीवर स्टीम पैसे परत देत नाही. नव्या माणसाने पहिला गेम असा घेऊच नये.
- डिलक्स एडिशन. तीन टोप्या, एक बंदुकीचा रंग आणि तीन दिवस आधी प्रवेश. ते आधी खेळलेले तासही परताव्याच्या २ तासांत धरले जातात.
- अर्ली ॲक्सेस, म्हणजे अपुरा असतानाच विकायला काढलेला गेम. आज जेवढं आहे तेवढ्याचेच पैसे द्या. ‘पुढे रणगाडे येणार आहेत’ याचे पैसे रणगाडे आल्यावर.
- पूर्ण खेळ समजून घेतलेला फक्त ऑनलाइन खेळ. एकट्याने खेळायची मोहीम आहे का, ते पानावरच्या ‘सिंगल-प्लेयर’ या खुणेवरून बघा. आणि आहे म्हटलं तर किती, ते परीक्षणांत शोधा. माझ्या चार मिशन्स आठवा.

पायरी ६ : पहिले दोन तास ही परीक्षा आहे, आणि ती गेमची आहे

स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलात तर पैसे परत. पण ‘खेळणं’ म्हणजे गेम उघडा असणं. मेनूत बसलात, लाँचर उघडा ठेवून जेवायला गेलात, शेडर तयार होताना मांजराला दूध घातलंत, सगळं मोजलं जातं. म्हणून घड्याळ.

मी आता हे असं करतो.

गेम उघडण्याआधी: ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करून घ्या. बटणांची यादी नेटवर शोधून कागदावर उतरवून घ्या. या गेममध्ये बटणं ढिगाने असतात. उभं राहणं, वाकणं, झोपणं, डावीकडे झुकणं, उजवीकडे झुकणं, श्वास रोखणं, दुर्बिणीचं अंतर लावणं, आणि तीन वेगवेगळ्या लोकांशी बोलायची तीन वेगळी बटणं. माइक विंडोजच्या सेटिंगमध्येच तपासून घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. गुरुवारी वीज जात असेल तर गुरुवारी सुरुवात करू नका.

पहिली २० मिनिटं: शेडर होऊ द्या. उठू नका, पट्टी किती वेगाने सरकतेय ते बघा. २० मिनिटांत संपली नाही तर गेम बंद करा आणि परत उघडा. काही गेममध्ये काम जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं.

पुढची ३० मिनिटं: सरावाचं मैदान. स्क्वॉडमध्ये जेन्सन्स रेंज आहे, आर्मा ३ मध्ये व्हर्च्युअल आर्सेनल आणि प्रशिक्षणाची मिशन्स आहेत. इथे एकच गोष्ट बघा: १०० आणि ३०० मीटरवर गोळी मारा. ३०० वर नेम किती वर धरावा लागतो ते हाताला कळू द्या. यात मजा वाटली तर शुभ लक्षण. एफपीएसही इथेच बघा. पण लक्षात ठेवा, रिकाम्या मैदानावर ७० असतील तर १०० माणसांच्या सामन्यात ४५ धरा.

पुढची ५० मिनिटं: एक अख्खा सामना. हरा, मरा, पण मधेच सोडू नका.

१ तास ४० मिनिटांना गजर. गेम बंद. पूर्ण बंद, खालच्या पट्टीत लपवलेला नव्हे. चहा घ्या. आणि मग ठरवा. उद्या पुन्हा उघडावासा वाटतोय का? ‘बहुतेक आवडेल पुढे’ असं मनात आलं तर ते ‘नाही’ समजा. मी पहिल्या वेळी तेच म्हटलं होतं.

पायरी ७ : तो एक सामना कसा खेळायचा

एकटे फिरू नका. माझी गव्हाच्या शेतातली यात्रा आठवा. मी एकटाच निघालो होतो, कारण मोबाइलवर तसंच खेळायची सवय. इथे सहा ते नऊ जणांची तुकडी आणि तिचा एक नायक असतो. तुकडीत शिरल्या शिरल्या सांगून टाका: “न्यू प्लेयर, फर्स्ट मॅच.” लाज वाटते, पण जादू होते. दहातले सात जण मदत करतात, दोन गप्प असतात, एक ओरडतो. ओरडणारा भेटला तर तुकडी बदला.

भूमिका घेताना स्नायपर घेऊ नका. सगळ्यांना तीच हवी असते आणि नवशिक्याने घेतली की सगळे वैतागतात. साधा रायफलमॅन घ्या. स्क्वॉडमध्ये त्याच्याकडे दारूगोळ्याची पिशवी असते. ती योग्य वेळी जमिनीवर टाकलीत तरी लोक तुम्हाला धन्यवाद देतील, भले तुमची एकही गोळी कुणाला लागो न लागो. दोन-तीन सामन्यांनी मेडिक घेऊन बघा. मला गेम आवडायला लागला तो तिथे. एका पडक्या भिंतीआड मी एकाला पट्टी बांधत होतो, वरून माती पडत होती, आणि तो अनोळखी माणूस इंडोनेशियन इंग्रजीत मला त्याच्या परीक्षेबद्दल सांगत होता.

बोलण्याची भीती खरी आहे. आपल्याला इंग्रजी वाचता येतं, पण माइकवर तोंड उघडत नाही. वीस शब्द पुरतात. शत्रू दिसला तर ‘कॉन्टॅक्ट’, मग दिशा, मग अंतर. दिशा स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर अंशांत असते. “कॉन्टॅक्ट, बेअरिंग ३१०, टू हंड्रेड मीटर्स, ट्री लाइन.” झालं. मी पहिल्यांदा नुसतंच “इन फ्रंट! निअर द ट्री!” असं ओरडलो होतो. नऊ माणसं नऊ दिशांना तोंड करून उभी, आणि जंगलात झाडं किती! एकाने शांतपणे विचारलं, “कुणाच्या फ्रंटला, भाई?”

गोळी झाडण्याआधी तो आपला तर नाही ना, हे बघा. नकाशावर बघा, गणवेश बघा, शंका असेल तर विचारा. आपली गोळी आपल्याच माणसांनाही लागते. चुकून आपला माणूस मारलात तर लगेच ‘सॉरी’ म्हणा. गप्प राहिलात तर सर्व्हरवरून काढतात.

आणि मेल्यावर ‘कुठून मारलं’ हे कळणार नाही. हा दोष नाही, गेम तसाच आहे. माझ्या पहिल्या गेममधला खरा दोष वेगळा होता: पावलांचा आवाज चुकीच्या बाजूने यायचा. हे दोन वेगळे ओळखता यायला पाहिजेत. मेलात म्हणून राग आला तर एक दिवस थांबा. आवाज, सर्व्हर तुटणं, गेम बंद पडणं याचा राग आला तर थांबू नका, पायरी ८ वर जा.

पायरी ८ : पैसे परत मागणं

स्टीमच्या मदत विभागात जा, खरेदीच्या यादीतून गेम निवडा, ‘परतावा हवा’ हा पर्याय निवडा. कारण एका वाक्यात लिहा: ‘माझ्या मशीनवर गेम वारंवार बंद पडतो’ किंवा ‘अपेक्षेप्रमाणे नाही’. निबंध लिहायची गरज नाही. पैसे ज्या वाटेने दिले त्या वाटेने, नाहीतर स्टीमच्या वॉलेटमध्ये घेता येतात. मंजुरीनंतर साधारण आठवड्याभरात येतात, बँकेमुळे थोडं पुढे-मागे.

२ तास उलटून गेले असतील तरी अर्ज करता येतो, तो बघितला जाईल एवढं स्टीम म्हणतं. हमी नाही. पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत, तेव्हा संकोच करू नका. मी संकोच केला होता. गेम घेतल्यावर दोन दिवसांनी सेल लागला तर परत करून स्वस्तात पुन्हा घेणंही नियमात बसतं. मात्र दर आठवड्याला एक गेम परत करत बसलात तर ही सोय काढून घेतली जाऊ शकते. दुसऱ्या दुकानातून घेतला असेल तर त्यांचे नियम खरेदीआधी वाचा. जीओजीवर ३० दिवसांची मुदत आहे, एपिकवर स्टीमसारखेच १४ दिवस आणि २ तास.

मुदत गेलीच असेल तर

लगेच काढून टाकू नका. एकदा शनिवारी संध्याकाळी सातला, केबल लावून, तुकडीत शिरून खेळून बघा. माझ्या पहिल्या गेमला मी ही संधी दिली, तेव्हा सर्व्हरवर एकूण अकरा जण होते. आम्ही अकरा जण एका पुलावर उभे राहून गप्पा मारल्या, कोणीतरी हवेत फ्लेअर सोडला. मग मी गेम काढून टाकला. डिस्कवर ८७ जीबी मोकळे झाले, तिथे आता आर्मा ३ चे मॉड आहेत.